ॲडमिट पोट्ट्याले हलू न देणारी आजी अन् पायातली रक्ताची गुठळी, काय करू?

रातपाळी_सिस्टर
नमस्कार मंडळी. धागा लांब होणार, आधीच सांगते. मी स्टाफ नर्स, यवतमाळकडच्या एका दवाखान्यात, नाव विचारू नका. सध्या वॉर्डात 16 वर्षांचा एक पोट्टा आहे, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बाईकवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन रॉड टाकला, आज चौथा दिवस. सर्जन म्हणतात बसवा, उभा करा, वॉकरवर दोन पावलं टाकू द्या. घरचे म्हणतात पोराला हात लावू नका. आजी तर पलंगाला चिकटूनच बसली आहे, पोट्ट्याने पाण्यासाठी हात लांब केला की ही उठून त्याच्या तोंडाला ग्लास लावते, जेवण भरवते, गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी, वरून दुपट्टा. "माह्या नातवाले आराम पाह्यजे बाई." काल रात्री अडीचला राऊंडला गेले तर मोबाईलच्या उजेडात जवसाचं तेल घेऊन पोटरी चोळून रायली होती. माझ्या अंगावर काटा आला.

काटा का आला ते सांगते. तीन वर्षांपूर्वी मी दुसरीकडे होते. 14 वर्षांची पोरगी, अंगात इन्फेक्शन पसरलेलं, हाताच्या शिरा सापडेनात म्हणून जांघेत लाईन टाकलेली. सहाव्या दिवशी तिची आई म्हणाली सिस्टर पाय जड वाटतो म्हणते, मी पाहिलं, थोडी सूज होती, म्हटलं झोपून झोपून येते, उशीवर ठेवा. आई रात्रभर चोळत बसली, मला दिसत होतं, मी काही बोलले नाही, उलट बरं वाटलं की माय लक्ष देते पोरीकडे. पहाटे पोरीला एकदम धाप लागली, नाडी 150, छातीत दुखते म्हणे, ऑक्सिजन खाली खाली. नागपूरला हलवली, वाचली, पण आयसीयूत लय दिवस काढले. मांडीच्या शिरेत गुठळी झाली होती अन् तिचा तुकडा फुफ्फुसात गेला होता. चोळल्यानेच गेला असं मी म्हणत नाही, तो तसाही सुटू शकतो. पण दोन्ही पोटऱ्या टेपने मोजायला एक मिनिट लागलं असतं, तेवढं मी दिलं नाही. चार्टवर माझ्याच अक्षरात आहे, 'पाय उंच ठेवला'. बस एवढंच.

तर प्रश्न एवढाच, आजीला कसं समजावू? रागावून पाहिलं, जमत नाही. रागावलं की ती रडते अन् मी गेले की परत तेल काढते.

सोयाबीनवाला
सिस्टर मले एक सांगा, पोट्ट्यांले होते का हे? आमाले वाटे गुठळी म्हंजे म्हाताऱ्याचा नाईतर बीपीवाल्याचा रोग. आमच्या बुढ्याले झाली होती पायात.

रातपाळी_सिस्टर
होते ना दादा. मोठ्यांपेक्षा कमी होते म्हणूनच कोणाच्या डोक्यात येत नाही. पोरांमध्ये दोन वयं जास्त धोक्याची, एक तर वर्षाच्या आतलं बाळ अन् दुसरं वयात आलेली पोरं-पोरी. घरी धावणाऱ्या धडधाकट पोराला सहसा नाही होत, ॲडमिट पोराला होते. सगळ्यात मोठं कारण म्हणजे मोठ्या शिरेतली लाईन, गळ्यातली, जांघेतली, गळ्याच्या हाडाखालून टाकलेली. त्यावर मग बाकीचं चढत जाते: हाडात पू झालेला असणं, मोठं ऑपरेशन, प्लास्टर, कॅन्सरची पोरं (रक्ताच्या कॅन्सरमध्ये ॲस्परॅजिनेज नावाचं इंजेक्शन असते, त्यात तर खास लक्ष ठेवतो आम्ही), अन् ती तोंड सुजलेली नेफ्रोटिकची, म्हणजे किडनीच्या आजाराची पोरं. नेफ्रोटिकमध्ये रक्त पातळ ठेवणारी प्रथिनंच लघवीतून वाहून जातात. त्या पोराच्या जांघेतून ब्लड काढायला कोणी गेलं तर मी आडवी येते. वजन जास्त असलेल्या, हार्मोनच्या गोळ्या चालू असलेल्या, किंवा घरात आई-मामाला आधी गुठळी झालेली अशा पोरी पण. हे शेवटचं ॲडमिशनच्या वेळी विचारायचं असते, अन् तेच राहून जाते.

पुलगावची_लेक
माझी मुलगी सिकलसेलची आहे, एसएस पॅटर्न म्हणजे पूर्ण आजारवाली, आता 12 वर्षांची. तुमचं वाचून पोटात गोळा आला. तिला क्रायसिस आला की हातपाय इतके दुखतात की ती गोळा होऊन पडून राहते आणि आम्हीच म्हणतो राहू दे, हलवू नका. तिलाही गुठळीचा धोका असतो का? आम्हाला तर फक्त पाणी पाजा, थंडीत नेऊ नका आणि हायड्रॉक्सियुरिया (सिकलचं रोजचं औषध) चुकवू नका एवढंच सांगितलंय.

रातपाळी_सिस्टर
असतो ताई. सिकलमध्ये रक्त मुळातच गोठायला थोडं जास्त तयार असते, त्यात ॲडमिट, त्यात ताप, त्यात पाणी कमी. आपल्या पट्ट्यात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, इकडे नागपूर-यवतमाळ, मेळघाट, सिकल इतका आहे की वॉर्डात पोरगं आलं की मी आधी तेच विचारते. 2023 च्या 1 जुलैला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं तेव्हापासून तपासणीची कॅम्पं वाढली, बरं झालं, पण कॅम्पात गुठळीचं कोणी बोलत नाही. दुखणं असताना ओढून चालवू नका. आधी दुखण्याचं औषध वेळेवर, ते लागू पडलं की अर्ध्या-पाऊण तासाने पाऊल हलवायचं, बसायचं, मग संडासपर्यंत. दुखणं दाबलं नाही तर पोरगं हलणारच कसं? अन् तिला छातीत दुखलं, धाप लागली तर तो सिकलचा छातीचा त्रास पण असू शकतो अन् गुठळी पण, आपण घरी ठरवत बसायचं नाही, रात्र असो की पहाट, दवाखाना.

मास्तर_रिटायर
या विषयाचा इतिहास रोचक आहे. रुडॉल्फ विर्शो नावाचा जर्मन डॉक्टर, एकोणिसाव्या शतकातला. पायात तयार झालेली गुठळी वाहत फुफ्फुसात जाते हे त्याने दाखवून दिले. त्याच्या नावाने तीन कारणे सांगतात: रक्त संथ होणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची वृत्ती वाढणे. त्याचा जन्म 13 ऑक्टोबर 1821 चा, म्हणून 13 ऑक्टोबरला जागतिक थ्रोम्बोसिस (म्हणजे शिरेत गुठळी होणे) दिवस पाळतात. आजीबाईंना नालीचा दाखला द्या. वाहते पाणी स्वच्छ, तुंबलेल्या पाण्यावर साय धरते.

रातपाळी_सिस्टर
मास्तर दाखला दिला होता. आजी म्हणाली, "माह्या नातवाचं रगत नालीचं नाई वो बाई." अन् तोंड फिरवून बसली दोन तास 😅

तीन कारणं मात्र बरोबर. या पोट्ट्याचं बघा, पडून आहे, हाड मोडताना अन् ऑपरेशनमध्ये शिरांना मार बसलेला, अन् जखम झाली की शरीर स्वतःच रक्त गोठवायच्या तयारीला लागते. तिन्ही हजर.

सोयाबीनवाला
नालीचं सोडा. माय शेतकऱ्याची असन तर मोटरीचं सांगा. विहिरीतून पाणी वर चढते ते मोटरीच्या जोरावर. अन् मोटर बंद झाली तर पाईपातलं पाणी खाली काऊन नाई येत? फुटव्हॉल्व्ह असते म्हणून. आता पायातलं रगत वर छातीकडे कोण चढोते?

फिजिओ_पोरगी
वा दादा!! 👏 मी कॉलेजात चार वर्षं घालवली आणि इतकं सोपं कोणी शिकवलं नाही. अगदी तेच आहे. पोटरीचा स्नायू म्हणजे मोटर, शिरांमध्ये खरोखर झडपा असतात ते फुटव्हॉल्व्ह. पाऊल हललं की पोटरी आवळते, शीर दाबली जाते, रक्त वर ढकललं जातं, झडप मागे येऊ देत नाही. पलंगावर पडून राहणं म्हणजे लोडशेडिंग.

व्यायामाचं सांगते. पाऊल वर ओढायचं, खाली दाबायचं, पूर्ण ताकदीने, जागं असताना दर तासाला दहा-दहा वेळा तरी. गावच्या पोरांना मी म्हणते ट्रॅक्टरचा क्लच दाब, सोड, दाब, सोड, लगेच कळतं. चांगल्या पायाचा गुडघा वाकवायचा, मांडीचा स्नायू आवळून पाच मोजेपर्यंत धरायचा. मोडलेल्या पायाचं काय आणि किती ते सर्जनला विचारून, पण पाऊल आणि बोटं हलवायला बहुतेक वेळा हरकत नसते. खोल श्वास पण तितकाच महत्त्वाचा, छाती फुगली की पोटातलं रक्त वर ओढलं जातं. श्वास ओढायची तीन चेंडूवाली ती मशीन असेल तर ती, नसेल तर लहानग्यांना साबणाचे फुगे द्या, अर्धा वॉर्ड जमा होतो.

आणि ती गुडघ्याखालची गुंडाळी आजच काढा. गुडघ्यामागून मोठी शीर जाते, तिच्यावरच दाब येतो. उशी द्यायचीच तर पोटरीखाली लांब आडवी, टाच अधांतरी राहील अशी.

घाटंजीकर
आमच्या पुतण्याला त्या घट्ट पांढऱ्या मोज्या आणायला लावल्या होत्या मेडिकलवरून, भावाने मोठ्या साईजच्या आणल्या, टिकतील म्हणून, पोरगं वाढतं आहे ना. चालते का?

फिजिओ_पोरगी
नाही हो दादा 🙈 ती शाळेची चड्डी नाही. पोटरीचा घेर, मांडीचा घेर, पायाची लांबी मोजून साईज ठरते. सैल असली तर नुसती शोभा, लहान असली किंवा वरून गुंडाळली गेली तर रबर बांधल्यासारखी शीर आवळते, म्हणजे उलटंच काम. दिवसातून एकदा-दोनदा काढून टाच, घोटा, कातडी बघायची. आणि सगळ्या पोरांना मोजे लागतच नाहीत, डॉक्टरांनी सांगितलं तरच. अगदी लहानांच्या मापाचे तर मिळतही नाहीत.

मेडिकलचा_ब्रदर
नागपूरला मोठ्या दवाखान्यात आहे, बालरोगमध्ये. आमच्याकडे फुगणाऱ्या पट्ट्यांची मशीन आहे, पायाला गुंडाळायच्या, एक एक करून फुगतात आणि रक्त वर ढकलतात. चांगली गोष्ट आहे, पण अर्धा वेळ मशीन पलंगाला टांगलेली असते आणि पट्ट्या खुर्चीवर, कारण आंघोळीला काढल्या त्या परत कोणी बांधल्या नाहीत. ड्युटीवर आलो की आधी पट्टी पायाला आहे का ते बघतो, मग चार्ट. आणि पायात आधीच गुठळी असल्याचा संशय असेल तर त्या पायाला मशीन लावायची नाही.

लाईनबद्दल एक सांगतो, कारण पोरांमध्ये अर्धी लढाई तिथेच आहे. रोज राऊंडला डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा, ही लाईन आज खरंच लागते का? "असू द्या, उद्या बघू" करत करत लाईन आठवडाभर राहते. फ्लश, म्हणजे लाईन साफ ठेवायला सिरिंजने सोडतात ते पाणी, जड गेला तर जोर लावायचा नाही, कळवायचं. लाईन असलेल्या बाजूचा हात, मान, तोंड सुजलं, छातीवर निळ्या शिरा उठून दिसायला लागल्या तर ती गुठळी समजूनच पळायचं. लोक पायच बघत राहतात आणि गुठळी खांद्यात असते.

उमरेडचा_पावना
ते पोटातलं इंजेक्शन पण असते ना रक्त पातळ करायचं? माझ्या साळ्याले देत होते. डोस किती असते 10 वर्षांच्या पोराले? भाच्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे, आमच्या गावचा कंपाउंडर म्हणते मी लावून देतो.

रातपाळी_सिस्टर
दादा हात जोडते, असं करू नका. डोस इथे कोणीच लिहू नका. पोरांमध्ये तो वजनावर अन् किडनीवर ठरतो, आधी प्लेटलेट बघावे लागतात, कुठून रक्त जात नाही ना ते बघावं लागते. प्लास्टर आहे म्हणून प्रत्येक पोराला ते लागत पण नाही. कोणाला लागते ते डॉक्टर ठरवतात. कंपाउंडरला म्हणा धन्यवाद.

मेडिकलचा_ब्रदर
+1. ते एनॉक्सापॅरिन. आमच्याकडे दोघांनी डोस तपासल्याशिवाय सुई पॅकेटमधून बाहेर येत नाही. नवीन स्टाफसाठी सांगतो: बेंबीपासून दोन इंच सोडून, रोज बाजू बदलून, कातडीची चिमट पूर्ण वेळ धरून, सुई सरळ आत, आणि दिल्यावर चोळायचं नाही, चोळलं की निळा डाग. ज्या पोराला हे चालू आहे त्याला कुल्ह्यात इंजेक्शन नको, दात घासायला मऊ ब्रश, आणि हिरड्यांतून रक्त, काळी संडास, लाल लघवी यावर नजर. पाठीत एपिड्युरलची (दुखणं दाबायच्या औषधाची) नळी असेल तर भूलतज्ज्ञाला विचारल्याशिवाय डोस नाही, आणि नळी काढायची तरी आधी विचारायचं.

झाडीपट्टीची
थोडं विषयांतर, पण आमच्याकडे पावसाळ्यात जास्त दिसतं म्हणून लिहिते. पाय सुजला म्हणजे गुठळीच असं समजू नका. घोणस चावली की पाय असाच टम्म सुजतो पण तिथे रक्त गोठतच नाही, अगदी उलटा प्रकार. काचेच्या कोरड्या टेस्टट्यूबमध्ये रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात, गोठलं नाही तर विष चढलंय. एक मुलगा आला होता, धानाच्या बांधीतून, घरच्यांना वाटलं मुरगळला, हळद-चुना लावून बांधलेला. त्याला चुकून रक्त पातळ करायचं इंजेक्शन गेलं असतं तर काय झालं असतं विचार करा.

रातपाळी_सिस्टर
हे लिहिलं ते फार चांगलं केलं ताई.

कडू_कारलं
सगळं पुस्तकात छान. 40 पेशंट, रात्री 2 सिस्टर, एक मावशी, ती पण दुसऱ्या वॉर्डात बोलावलेली. कोण मोजते पोटऱ्या? मी स्वतः 11 वर्षं नोकरी केली, सोडली. औषधं, सलाईन, रजिस्टर, ऑनलाईन एंट्री यातून पेशंटचं तोंड दिसलं तरी खूप.

रातपाळी_सिस्टर
खरं आहे, वाद घालत नाही. मी पण त्याच वॉर्डात आहे. म्हणून मी सगळ्यांच्या मोजत नाही. ज्याला लाईन आहे, ज्याचं मोठं ऑपरेशन झालं, जो दोन दिवसांपासून पलंगावरून उतरला नाही, तेवढेच. चाळीसमध्ये असे चार-पाच निघतात. गुडघ्याच्या खालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटीमीटर खाली पेनाने खूण करायची, दोन्ही पायांना, रोज त्याच खुणेवर टेप. खूण केली नाही तर रोज वेगळा आकडा येतो अन् आपण उगाच घाबरतो. दोन पायांत 3 सेंटीमीटरच्या वर फरक गेला, किंवा एकच पाय गरम, लाल, दुखरा झाला की डॉक्टरला फोन, डॉपलर म्हणजे शिरांची सोनोग्राफी. पाऊल वर ओढून दुखते का ते पाहायची जुनी पद्धत आम्हाला शिकवली होती, तिच्यावर मी भरवसा ठेवत नाही, दुखलं नाही तरी गुठळी असते. अन् माझ्या पोट्ट्याचा मोडका पाय ऑपरेशनमुळे सुजलेलाच आहे, त्यामुळे तिथे एका आकड्यापेक्षा कालच्यापेक्षा आज वाढला का हे जास्त बघते.

घाटंजीकर
पाण्याचं पण लिहा कोणीतरी. लघवीला पॉट मागायची लाज वाटते म्हणून आमचा पुतण्या पाणीच पीत नव्हता. तीन दिवसांनी कळलं.

झाडीपट्टीची
हो!! मुली तर हमखास. आणि बाळंतिणी. 19-20 वर्षांच्या पोरी, घरून सांगून येतात पाणी कमी प्यायचं, पोट सुटते म्हणे, वरून खाटेखाली शेगडी, मे महिन्यात, बाहेर 45 डिग्री. बाळंतपणानंतर रक्त आधीच घट्ट झालेलं असतं, त्यात हे. अशीच एक डोकं दुखते डोकं दुखते करत आठव्या दिवशी झटके घेऊन आली, मेंदूच्या शिरेत गुठळी. सासू म्हणत होती बाहेरची बाधा.

पुलगावची_लेक
सिस्टर, आजींचं मला एक सुचतंय. माझी सासू अशीच होती, मुलीला हलूच द्यायची नाही. त्यांना "हे करू नका, ते करू नका" म्हटलं की त्यांना वाटायचं मला बाजूला काढून रायले. मग एका सिस्टरने त्यांना काम दिलं, पाण्याचे ग्लास मोजायचं. त्यानंतर आमची सुटका नव्हती 😀 आजीचे हात रिकामे आहेत म्हणून ती तेल काढते. हातांना काम द्या.

सोयाबीनवाला
लाख बोललीस बाई.

रातपाळी_सिस्टर
ताई तुमच्या पाया पडते.

आज सातवा दिवस, काय झालं ते लिहिते अन् झोपायला जाते, रात्रभर जागी आहे. परवा आजीजवळ खाली फरशीवर बसले, मोटर अन् फुटव्हॉल्व्हचं सांगितलं. ती ऐकत होती, मग म्हणाली, "मंग फुटव्हॉल्व्हात कचरा अटकला त मोटर चालू करून काय फायदा?" मी म्हटलं तेच म्हणून रायली आजी, कचरा अटकू नाही म्हणूनच आधीपासून चालवायचं, अन् अटकल्याचा संशय आला तर ठोकायचं नाही, मिस्त्री बोलवायचा. तेव्हा तिने तेलाच्या बाटलीकडे पाहिलं. काही बोलली नाही. पण गुडघ्याखालची गुंडाळी स्वतःच ओढून काढली अन् त्या चादरीची घडी घालून ठेवली.

मग तिला काम दिलं, पोट्ट्याचा क्लच मोजायचा, तासाला दहा. गळ्यात तुळशीची माळ आहे तिच्या, ती काढून एक दाब एक मणी असं सुरू केलं. काल पोट्टा मला हळूच म्हणतो, "सिस्टर तुमी दहा म्हणाल्या होत्या, आजी माळ पुरी झाल्याशिवाय सोडत नाई." 108! मध्ये पडले नाही, फक्त म्हटलं मोडक्या पायाला दहाच, बाकीची माळ चांगल्या पायावर.

आज सकाळी वॉकर धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. आजी मागे, एका हातात सलाईनचा स्टँड, जो आता लागत पण नाही, काल सकाळीच सलाईन काढलं होतं. पोटरी कालपेक्षा अर्धा सेंटीमीटर कमी.

फिजिओ_पोरगी
❤️❤️ आणि तेलाचं काय झालं?

रातपाळी_सिस्टर
तेल डोक्याले लावून रायली. पहाटे चारला माझ्या पण डोक्याला घातलं, म्हणे तुझे केस लय रुखे झाले बाई.